आकड्याच्या डोक्यावरचं टिंब

आमच्या धंद्यात एक वाक्य फार कामाला येतं : "लाईन मागूनच बंद आहे." घरोघरी इंटरनेट जोडून देणारा कोणताही माणूस हे वाक्य दिवसातून अनेकदा बोलतो. कधी ते खरं असतं. रस्त्याच्या कामात केबल तुटलेली असते, नाहीतर वीज पडून गल्लीतला डबा जळालेला असतो. पण बरेचदा बोलणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं. तो मोटारसायकलवर असतो, जेवत असतो, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर वायर ओढत असतो. 'मागून' म्हटलं की ग्राहकाला पुढे काही विचारता येत नाही. मागे काय आहे ते त्याला कुठे ठाऊक? आर्णीत दुकान टाकल्यापासून मी हे वाक्य सर्रास वापरलं. एकदा ते फार महागात पडलं, आणि ते मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी. लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की गमतीजमतीच सांगायच्या. त्या सांगतो, पण मन फिरून फिरून त्याच ठिकाणी येतं.

आधी धंदा समजावून सांगतो. मोठ्या शहरात आता घराघरात राऊटर नावाचा डबा असतो, तो सगळं आपोआप करतो. आमच्याकडे अजून काही गल्ल्यांमध्ये केबलवाल्याची वायर थेट संगणकात लावतात. अशा वेळी प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो. पोस्टमनला घर सापडावं म्हणून जसा घरक्रमांक असतो, तसाच. चार संख्या, मध्ये टिंबं. त्याखाली वेशीचा पत्ता, म्हणजे ज्या दारातून तुमची माहिती गावाबाहेर जाते ते दार. हे आकडे संगणकात नीट भरले की इंटरनेट सुरू. एक आकडा चुकला की काहीच नाही.

दुसरं काम जुन्या संगणकांचं. लोक पाच-सात वर्षं जुना संगणक घेऊन येतात, तो इतका हळू झालेला असतो की सुरू करून माणूस चहा पिऊन येतो. संगणक चालवणारी नेहमीची प्रणाली विकत घेणं परवडत नाही आणि चोरीची टाकायला माझं मन घेत नाही. म्हणून मी लिनक्स टाकतो. ही प्रणाली कुणा एका कंपनीची नाही. ती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली, तिची आतली रचना कुणालाही उघडून पाहता येते, बदलता येते, फुकट वाटता येते. जुन्या यंत्रावर ती तुरुतुरु चालते. आणि तिच्यात मराठी आहे. नुसती अक्षरं मराठी नाहीत, पडद्यावर उघडणाऱ्या सगळ्या याद्या, सगळ्या सूचना मराठीत. कुणीतरी बसून एकेक शब्द मराठीत आणलेला आहे. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण तो अभिमान मी नीट तपासून घेतला नव्हता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बाभुळगावचे एक निवृत्त हेडक्लार्क रोज संध्याकाळी इंटरनेटचा डबा बंद करून त्यावर टॉवेल घालायचे. "दिवसभर राबलं बिचारं, आता झोपू द्या." दसऱ्यानंतरचा आठवडा तर आमच्या हंगामाचा. लोक घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतात आणि हळदीकुंकू नेमकं वायर घुसवायच्या भोकावर वाहतात. आर्णीच्या एका घरी मी तीन वर्षं ओळीने टाचणी आणि कापूस घेऊन कुंकू काढायला गेलो. चौथ्या वर्षी त्या काकूंनी डब्याची पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, "या वर्षी इकडूनच वाह्यलं, तुमी आले नाई तं चैन पडत नाई."

आता वैशालीताई.

त्या तहसील कार्यालयासमोरच्या टायपिंगच्या दुकानात बसायच्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, शेतजमिनीची कागदं, सगळं मराठीत टाइप करायच्या. बोटं अशी चालत की शेजारी उभा असलेला माणूस अर्ज सांगताना मागे पडायचा. पुढे त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. नवरा ट्रॅव्हल्सच्या गाडीवर चालक, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. सासूबाईंना एकटं ठेवता येईना आणि काम सोडता येईना. शेजारच्या शमीमचाची सकाळ-दुपार येऊन बसायच्या म्हणून दुकान कसंबसं चालू होतं, पण रोज कुणाच्या उपकारावर किती दिवस काढणार?

मग त्यांना घरबसल्या कामाची जाहिरात दिसली. बाहेरगावची एक कंपनी जुनी हस्तलिखित कागदपत्रं मराठीत टाइप करून घेत होती. काम घरून करायचं, इंटरनेटवर. त्यासाठी एक चाचणी होती. ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला सगळ्यांनी एकदम पान उघडायचं आणि पडद्यावर दिसणारा मजकूर टाइप करायचा. त्यात निवडल्या गेल्या तर दुकान सोडून दिवसभर घरी राहता येणार होतं.

त्यासाठी त्यांनी माझ्याकडून एक लहान जुना लॅपटॉप आणि लाईन घेतली. उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा असतो ना कीबोर्डला, तो या लॅपटॉपला नव्हता. त्या म्हणाल्या, "भाऊ, दुकानातला संगणक मधातच इंग्रजीत जाते. लिहून राह्यली 'अर्जदार' आन उमटते भलतंच. माया लॅपटॉपवर असं नका होऊ देऊ."

मी म्हटलं, "ताई, तुमच्या लॅपटॉपवर इंग्रजी येणारच नाही." आणि खरोखर सेटिंगमधून इंग्रजी कीबोर्ड काढूनच टाकला. सगळं मराठी. चाचणीचं पान उघडायला पडद्यावर एक चित्र ठेवून दिलं, त्यावर दाबलं की झालं. ताई खूश होऊन गेल्या. मीही स्वतःवर खूश होतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वीज पडून त्यांच्या गल्लीतला डबा जळाला. केबलवाल्याने नवीन बसवला आणि गल्लीतल्या सगळ्या घरांचे पत्ते बदलले. मी घरोघर जाऊन नवे आकडे भरत होतो. वैशालीताईंच्या घरी पोचलो तेव्हा तिकडच्या बाजूची लाइट गेली होती, लॅपटॉपची बॅटरीही उतरलेली. मी आकडे त्यांच्या साध्या मोबाइलवर पाठवले आणि म्हटलं, "उद्या फोनवर सांगतो, पाच मिनिटाचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी झरी जामणीच्या एका गावी निघालो. तिथल्या शाळेचे संगणक लावून द्यायचे होते. कालचं बोलणं डोक्यातून पार गेलं होतं. वाटेत फोन वाजला. मोटारसायकल कडेला घेतली, हेल्मेट न काढताच उचलला.

"भाऊ, नेट नाई चालून राह्यलं."

आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. "ताई, लाईन मागूनच बंद असंल. अर्धा तास थांबा, येईल आपोआप."

"पण भाऊ, आज अकरा वाजता..."

"येऊन जाईल, ताई. मी गाडीवर हाओ." मी फोन ठेवला.

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या थांबल्या. नंतर त्यांनीच सांगितलं, त्या अर्ध्या तासात त्यांनी सासूबाईंचे केस विंचरले, त्यांना पेज भरवली, म्हणजे चाचणीच्या वेळी मध्ये उठावं लागू नये. लाईन मागे अगदी व्यवस्थित चालू होती. फक्त त्यांच्या लॅपटॉपमध्ये जुना पत्ता होता.

शाळेत पोचल्यावर बॅगेतून वायर काढताना मला कालचं बोलणं आठवलं. फोन लावायला गेलो तर रेंज नाही. शाळेचा स्वयंपाकी, मडावी, अंगणात तांदूळ निवडत होता. त्याने हातपंपाकडे बोट केलं. "तिथं उभे राहा, त्या दगडावर. दगडावरून हालाचं नाई." मी दगडावर चढलो तसा तो हसला, "नेट बसवायले आले सर, आन सवताच रेंज धुंडून राह्यले!"

पलीकडे ताईंनी फोन उचलला. अकराला थोडाच वेळ उरला होता.

"ताई, लाईन चालू आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये नवा पत्ता भरायचा राहिला. सेटिंग उघडा. नेटवर्कवर जा."

"नेटवर्क नाई हाये."

"असेल, ताई. नीट पाहा."

"नीटच पाहून राह्यली. 'संजाळ' हाये."

इतकी वर्षं मी लोकांना मराठी प्रणाली टाकून देत होतो, पण माझ्या स्वतःच्या संगणकावर इंग्रजीच ठेवली होती. मराठीतल्या याद्या मी एकदाही वाचल्या नव्हत्या. "संजाळच असेल," मी म्हटलं, "उघडा ते. आता ऑटोमॅटिकच्या ऐवजी मॅन्युअल करा."

"'स्वयंचलित' हाये आन 'हस्तचलित' हाये. हस्तचलित म्हंजे हातानं, नाई का?"

"हो, हो, हातानं!"

"मंग तसं बोला ना भाऊ, मराठीत."

हे त्या घाईतच हसत म्हणाल्या. मी आकडे सांगू लागलो. एक, नऊ, दोन. त्यांनी भरले. "आता टिंब द्या."

"देल्लं."

"एक, सहा, आठ. टिंब."

"देल्लं. भाऊ, हे चौकट लाल होऊन राह्यली."

"आकडा चुकला असेल. पुन्हा भरा."

त्यांनी पुन्हा भरले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा भरले. मी एकेक आकडा विचारायचो, त्या वाचून दाखवायच्या, सगळं बरोबर. मोबाइलवरच्या आकड्यांशी ताडून पाहायच्या, तेही बरोबर. वेळ जात होता आणि दगडावर उभ्या उभ्या माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नीट पाहून भरा ना. डोळे उघडे ठेवून भरा जरा."

ज्या बाईच्या हातून टाइप झालेल्या कागदावर तहसीलमध्ये कुणी कधी शंका घेतली नाही, तिला मी हे म्हणालो.

मग ताई शांतपणे म्हणाल्या, "डोये उघडेच हायेत. तुमी म्हणे टिंब द्या. मी देल्लं. थे आकड्याच्या डोक्यावर जाऊन बसून राह्यलं."

"डोक्यावर?"

"हो ना. दोनाच्या डोक्यावर. जसं 'अंक' लिहाले 'अ'च्या डोक्यावर देतो."

आणि मला सगळं एकदम कळलं. मराठी टंकलेखकाला टिंब म्हणजे अनुस्वार. त्यांनी अनुस्वाराची कळ दाबली होती. तेवढंच असतं तर बरं होतं. पण अनुस्वार लागतोय याचा अर्थ कीबोर्ड मराठीत होता, म्हणजे आकडेही देवनागरीत उमटत होते. १, ९, २. माणसाच्या डोळ्याला बरोबर, पण पत्त्याच्या चौकटीला फक्त इंग्रजी आकडे समजतात. मोबाइलवरचा 2 आणि लॅपटॉपवरचा २ ताईंना एकच वाटत होते, आणि का वाटू नयेत? दोन म्हणजे दोन. त्यांनी एकही आकडा चुकवला नव्हता. इंग्रजी कीबोर्ड मी काढून टाकला होता, आणि ज्यावरून इंग्रजी आकडे आले असते तो उजवीकडचा पट्टा या लॅपटॉपला नव्हताच.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "आता इंग्रजी कीबोर्ड परत आणायचा. सेटिंगमध्ये कीबोर्ड..."

"'कळफलक' हाये."

"तेच. त्यात इनपुट... इनपुट सोर्स असं काही..."

"'निविष्ट स्रोत'. निविष्ट म्हंजे काय?"

"मलाही नाही माहीत. दाबा."

त्यांनी दाबलं. अधिकचं चिन्ह दाबून इंग्रजी निवडलं. परत संजाळात गेल्या. आकडे भरू लागल्या. या वेळी मी 'टिंब' म्हटलं नाही. "पूर्णविराम द्या."

"पत्ता तर संपलाच नाई, पूर्णविराम कायले?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. मडावी तिकडे हसत होताच, कारण एक माणूस दगडावर उभा राहून 'पूर्णविराम, पूर्णविराम' असं ओरडत होता. "द्या, ताई," मी म्हटलं, "मघाशी जिथं टिंब म्हणत होतो तिथं पूर्णविराम. शेवटी देऊ नका."

"हे तं उलटंच झालं," त्या म्हणाल्या, पण दिले. चौकटीचा लाल रंग गेला. वेशीचा पत्ता भरला. 'लागू करा' दाबलं.

"चालू झालं, भाऊ!" त्यांचा तो आवाज मला अजून आठवतो. "पान उघडलं!"

मग त्या पुटपुटत काहीतरी वाचू लागल्या.

"ताई? काय दिसून राह्यलं?"

"'प्रवेशाची मुदत संपली आहे,' असं लिहून हाये."

मागे सासूबाईंचं काहीतरी अस्पष्ट बोलणं ऐकू येत होतं. ताईंनी विचारलं, "सकायी तुमी म्हणे, लाईन मागून बंद हाये. मागून म्हंजे कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचे हजार मार्ग मला माहीत होते. जळालेला डबा होता, बदललेले पत्ते होते, विजेवर ढकलता आलं असतं. पण मी त्या दगडावर उभा होतो आणि खोटं बोलायला तोंड उघडेना.

"कुठूनच नाही, ताई," मी म्हटलं. "मी पाह्यलंच नव्हतं. असंच म्हटलं."

"असंच?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "आईच्या औषधाची वेळ झाली. ठेवते."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी थेट त्यांच्या घरी गेलो. शमीमचाची बाजेजवळ बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी आधी वैशालीताईंकडे पाहिलं आणि मग मला सुनावलं, "भैया, तुम तो बोले पाँच मिनिट का काम. बिचारी सुबह से नहाधोकर बैठी थी." मी मान खाली घातली. ताईंसमोरच कंपनीला फोन लावला आणि सांगितलं की चूक उमेदवाराची नाही, माझी आहे, मीच जोडणी करणारा आहे. पलीकडची मुलगी नम्र होती. ती म्हणाली, "सर, घरची जोडणी ही उमेदवाराचीच जबाबदारी असते. पुढच्या तुकडीत नाव घेते." एवढंच तिच्या हातात होतं.

त्यानंतर मी ताईंना सगळं शिकवायचं ठरवलं. इथे माझी दुसरी खोड उघडी पडली. आमच्या धंद्यात ग्राहकाला कुणी शिकवत नाही. "सरका, मी करतो," म्हणायचं, खुर्ची घ्यायची, फटाफट कळा दाबायच्या, "झालं" म्हणायचं. ग्राहकाला फक्त आपली पाठ दिसते. मला वाटायचं हे सौजन्य आहे. ताईंच्या मागे उभा राहिलो तेव्हा कळलं की मला दोन मिनिटंही हात आवरत नाहीत. त्या एखादा शब्द वाचत असल्या की माझा हात पुढे जायचा.

"हात मागं घ्या, भाऊ," ताई म्हणायच्या.

मी घ्यायचो. पुन्हा जायचा.

"चाचीजी, यांचे हात धरून ठेवा."

"मेरे को क्या और काम नहीं है?" चाची म्हणायच्या.

ताईंनी मराठी याद्यांतला एकेक शब्द विचारला. काही मला माहीत होते, काही दोघांनी मिळून अंदाजाने लावले. त्यांनी पत्ता पुसला, पुन्हा भरला. कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत नेला. वायर काढून लावली. मी फक्त बोलत होतो, आणि नुसतं बोलून सांगणं किती अवघड असतं ते मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

पुढच्या तुकडीची चाचणी आली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी घरीच येऊन बसतो. काही झालं तर बाजूलाच असेन."

"नका येऊ," त्या म्हणाल्या. "तुमी मागं उभे राह्यले की माये हात आखडतात."

त्या सकाळी मी कुठेही गेलो नाही. दुकानातच बसलो, फोन समोर ठेवून. माझ्या दुकानातल्या संगणकावर त्यांच्या गल्लीतल्या कोणत्या घराची लाईन चालू आहे एवढं दिसतं. ताईंचं घर चालू दिसत होतं. पण लाईन चालू असणं आणि काम होणं यात किती अंतर असतं हे आता मला माहीत होतं. एक गिऱ्हाईक माउस घ्यायला आलं, त्याला मी स्पीकर काढून दिला. अकरा वाजले, गेले. फोन आला नाही. फोन करावा असं अनेकदा वाटलं, पण त्या टाइप करत असल्या तर मध्येच घंटी वाजेल म्हणून केला नाही.

दुपारी त्यांचा फोन आला. मी घाईघाईने म्हटलं, "काय झालं, ताई? काय अडलं?"

"काई नाई अडलं. झालं सगळं टाइप. तुमी वाट पाहून राह्यले असान म्हणून केला."

त्या निवडल्या गेल्या. मात्र पूर्ण दिवसाची सगळी कामं पहिल्या तुकडीतल्या लोकांनाच मिळाली होती. दुसऱ्या तुकडीला अर्ध्या दिवसाचंच मिळालं. वैशालीताई सकाळी घरून काम करतात, सासूबाईंच्या बाजेशेजारी टेबल लावून. दुपारी शमीमचाची येतात आणि ताई तहसीलसमोरच्या दुकानात जातात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "अर्धा दिवस तं अर्धा दिवस, तेवढं तं घरी राहाले भेटते."

दुपारी केबलवाल्याकडे जाताना मला त्या दुकानावरूनच जावं लागतं. आत पंख्याखाली त्या टाइप करत बसलेल्या दिसतात. मान वर करून हसतात, मी हात हलवतो आणि गाडी पुढे घेतो. त्या सकाळी मी ते वाक्य बोललो नसतो तर या वेळी आपण त्या खुर्चीवर नाही, घरी असतो, हे त्यांच्या मनात येतं की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.